जखम भरण्याचे पूर्वानुमान : मस्तक व मानेच्या कर्करोग-शस्त्रक्रियेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिताना कोणी, कोठे आणि कोणता अवयव प्रथम काढला याच्या नोंदी आवर्जून केल्या जातात. टाके घातल्यानंतरच्या पंधरा दिवसांत काय घडले, याची नोंद त्या मानाने विरळच आढळते. तोंड, जीभ, जबडा, घसा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र हे पंधरा दिवसच पुष्कळदा निर्णायक ठरतात. पोटावरील वा छातीवरील जखम कोरडी ठेवता येते. घशातील जखम तशी ठेवता येत नाही. रुग्ण आवंढा गिळतो त्या प्रत्येक वेळी जंतूंनी भरलेली लाळ ताज्या टाक्यांवरून वाहते. टाके सुटले की ती लाळ मानेच्या कातडीतून बाहेर येण्यास वाट शोधते. या वाटेला वैद्यकात फिस्टुला म्हणतात. ती पडली की रुग्णाचे तोंडाने खाणेपिणे कित्येक आठवडे बंद होते. त्याच वाटेच्या शेजारून मेंदूला रक्त पुरविणारी कॅरोटिड धमनी जाते आणि लाळेत भिजत राहिलेली धमनी फुटली तर रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो.

आणखी एक परिणाम असा की, जखम भरली नाही तर शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार लांबतात. अधिक जोखमीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेपासून किरणोपचार संपेपर्यंतचा एकूण काळ ११ आठवड्यांच्या आत राहिल्यास रोग अधिक आटोक्यात राहतो, असे टेक्सासमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील अँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसून आले. न भरणारी जखम अशा रीतीने कर्करोगाला मुदत देते. म्हणूनच ‘या रुग्णाची जखम भरेल काय?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारला जाऊ लागला. त्या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत कोणकोणती उत्तरे दिली गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या पूर्वानुमानाचा इतिहास हा दोष कोणावर ठेवायचा याचाही इतिहास आहे. तो दोष प्रथम शल्यविशारदाच्या हातावर, मग जंतूंवर, मग रुग्णाच्या कृश देहावर आणि अखेरीस आधी केलेल्या उपचारांवर ठेवला गेला.

असे पूर्वानुमान करण्याची कल्पना मुळात नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणांचे सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य व असाध्य असे भेद केलेले असून तरुण, बळकट आणि धीराच्या माणसाचे व्रण सहज भरतात, तर कुष्ठ, शोष व मधुमेह असलेल्यांचे कष्टाने भरतात, असे सांगितले आहे. यातील मधुमेहाचा उल्लेख आजच्या कोणत्याही जोखीम-तक्त्यात जसाच्या तसा बसेल. परंतु सुश्रुतांचा वैद्य आणि आधुनिक शल्यविशारद यांच्या प्रश्नांत एक भेद आहे. व्रण आधीच झालेला असताना वैद्य त्याचे भवितव्य सांगत असे. आधुनिक शल्यविशारदाला मात्र आपण अजून न केलेल्या जखमेविषयी बोलावे लागते.

व्हिएन्ना ते सान रेमो

३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण ३६ वर्षांचा धर्मशिक्षक होता. बिलरोथ यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्याच्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले आणि १८७४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला, परंतु रोग उलटल्याने सुमारे सात महिन्यांनी मरण पावला. येथे एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. ते कृत्रिम यंत्र बसविता आले याचे कारण घसा आणि श्वासमार्ग यांच्यामधील जखम उघडीच ठेवलेली होती. म्हणजे पुढील पिढ्यांनी जिला गुंतागुंत म्हटले, ती उघडी वाट पहिल्या शस्त्रक्रियेत पद्धतीचाच भाग होती.

त्या वाटेची किंमत लवकरच कळून आली. लाळ आणि रक्त श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होई किंवा संसर्ग मानेतून छातीत पसरे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच रुग्ण दगावण्याचे प्रमाण इतके होते की, ही शस्त्रक्रिया करावी की करू नये याविषयीच युरोपात वाद माजला. १८८७ मध्ये या वादाला राजकीय रूप आले. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रात गाठ आढळली. एर्न्स्ट फोन बेर्गमान प्रभृती जर्मन वैद्यांनी स्वरयंत्र उघडून ती काढण्याची तयारी केली. इंग्लंडहून आलेले मोरेल मॅकेन्झी यांनी आधी तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. रुडॉल्फ फिर्शो यांना त्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया टळली. फेब्रुवारी १८८८ मध्ये सान रेमो येथे श्वास कोंडल्यामुळे युवराजांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागले. पुढे ते सम्राट झाले आणि ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर १५ जून १८८८ रोजी मरण पावले. इतिहासकारांनी या प्रकरणाची चर्चा निदानातील चूक म्हणून केली आहे. त्यात पूर्वानुमानाचाही प्रश्न दडलेला होता, कारण शस्त्रक्रिया झाली असती तर युवराजांची जखम भरली असती की नाही, हे सांगण्याचे कोणतेही साधन दोन्ही पक्षांजवळ नव्हते. एका बाजूस आत्मविश्वास आणि दुसऱ्या बाजूस मृत्यूची भीती, इतक्याच भांडवलावर निर्णय घेतला गेला.

यानंतर थेमिस्टोक्लेस ग्लुक आणि योहानेस सोरेन्सन या बर्लिनच्या शल्यविशारदांनी श्वासनलिकेचे तोंड मानेच्या कातडीला स्वतंत्रपणे शिवून टाकले व घसा तिच्यापासून पूर्णतः विलग करून बंद केला. लाळ फुप्फुसात उतरण्याचा मार्गच बंद झाल्याने मृत्यूंचे प्रमाण बरेच घटले. जखम फसली तरी आता रुग्ण जगू शकत होता. जखमेच्या गुंतागुंतीचा स्वतंत्र अभ्यास शक्य झाला तो यामुळेच. मेलेल्या रुग्णांच्या जखमा कोणी मोजत नाही.

छेद, धमनी आणि कातडीचा कोपरा

मानेतील लसीका-गाठी एका सलग पट्ट्यासारख्या काढण्याची पद्धत जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मांडली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात हेज मार्टिन यांनी ती नियमित व्यवहारात आणली आणि १९५१ मध्ये आपला विस्तृत अनुभव प्रसिद्ध केला. या शस्त्रक्रियेत मानेच्या बाजूचा मोठा स्नायू काढला जात असल्याने कॅरोटिड धमनीवर केवळ कातडीचे आवरण उरत असे. त्यातच कातडीवरील छेद तीन फाट्यांचा असून त्या फाट्यांचा संगम नेमका धमनीच्या जवळ येई. तिन्ही बाजूंनी रक्तपुरवठा तुटलेला तो कोपरा काळा पडला की धमनी उघडी पडे.

मॅकफी यांनी १९६० मध्ये दोन समांतर आडव्या छेदांची पद्धत सुचविली. तीत कोपराच नव्हता. हे काम करणे शल्यविशारदाला अधिक जिकिरीचे होते. दोन छेदांमधील कातडीच्या पुलाखालून हात चालवावा लागे. तरीही, विशेषतः किरणोपचार झालेल्या मानेत, ती पद्धत अनेकांनी स्वीकारली. पूर्वानुमानाच्या इतिहासात या साध्या बदलाला मोठे स्थान द्यावयास हवे. कोणाची कातडी मरेल हे आधी ओळखण्याच्या खटपटीपेक्षा कातडी मरण्याचे कारणच छेदाच्या आखणीतून काढून टाकण्यात आले.

तुलनेने जंतूंचे प्रकरण लवकर उलगडले. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून शस्त्रक्रियांची स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित व मलिन अशी प्रतवारी रूढ झाली. बेकर आणि पॅरेल यांनी १९७९ मध्ये, घसा वा तोंड उघडून केलेल्या कर्करोग-शस्त्रक्रियांत सेफाझोलिन हे प्रतिजैविक आणि निष्प्रभावी औषध यांची तुलना केली. निष्प्रभावी औषध मिळालेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांच्या जखमा चिघळल्या, प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी ३८ टक्क्यांच्या. पुढील अभ्यासांनी हेही दाखविले की, प्रतिजैविक चोवीस तासांहून अधिक काळ चालू ठेवल्याने जखमेला विशेष लाभ होत नाही. (अनेक ठिकाणी ते आठवडाभर देण्याची सवय यानंतरही सुटली नाही.) औषध देऊनही ३८ टक्के जखमा चिघळत असतील, तर त्या रुग्णांच्या शरीरात निराळे काय होते, हा पुढील प्रश्न ठरला.

वजनकाटा आणि प्रयोगशाळा

क्लीव्हलँड येथील हायरम स्टडली यांनी १९३६ मध्ये जठरव्रणाच्या ४६ रुग्णांची पाहणी केली होती. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यापैकी एक-तृतीयांश दगावले, तर इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते. वजनकाटा सर्वत्र उपलब्ध असूनही हा निष्कर्ष मस्तक-मानेच्या शल्यविशारदांपर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागली. १९८० मध्ये फिलाडेल्फिया येथील बझ्बी आणि सहकाऱ्यांनी रक्तातील अल्ब्युमिन व ट्रान्सफेरिन ही प्रथिने, दंडामागील कातडीच्या घडीची जाडी आणि त्वचेची प्रतिकार-चाचणी या चार मोजमापांचे एक सूत्र केले. हा निर्देशांक पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी रचलेला होता. १९८३ मध्ये तो मस्तक-मानेच्या रुग्णांवर लावून पाहण्यात आला. आम्स्टरडॅम येथे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४ रुग्णांच्या अभ्यासाने पुन्हा स्टडली यांच्याच काट्याकडे लक्ष वेधले. पोषणाच्या विविध मोजमापांत, आधीच्या सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वजन घटणे हेच मोठ्या गुंतागुंतीचे सर्वांत बळकट लक्षण ठरले.

अल्ब्युमिनविषयीची समजूत यानंतर पुष्कळ बदलली आहे. हे प्रथिन केवळ उपासमारीने घटते असे नसून शरीरातील दाहामुळेही घटते, हे आज मान्य आहे. कमी अल्ब्युमिन धोक्याची सूचना देते, परंतु रुग्णाला नुसते अन्न देऊन ते वाढेलच आणि त्यासोबत धोकाही उतरेल, असे मानता येत नाही. खूण आणि कारण यांतील हा फरक पूर्वानुमानाच्या अभ्यासात वारंवार निसटतो.

धूम्रपानाबाबत कारणाचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. जपानमधील कुरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मस्तक-मानेच्या पुनर्रचना-शस्त्रक्रिया झालेल्या १८८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या तोंडापर्यंत धूम्रपान करणाऱ्यांत ८५.७ टक्के, एक ते तीन आठवडे आधी सोडणाऱ्यांत ६७.५ टक्के, तर तीन ते सहा आठवडे आधी सोडणाऱ्यांत ५५ टक्के रुग्णांच्या जखमा भरण्यात अडथळे आले. याहून आधी सोडणाऱ्यांत हे प्रमाण ५९.१ टक्के होते. आकडे पायरीपायरीने सरळ उतरत नाहीत. त्याहून लक्षणीय म्हणजे धूम्रपान न करणाऱ्यांतही हे प्रमाण ४७.५ टक्के होते. जवळजवळ निम्म्या निर्व्यसनी रुग्णांच्या जखमा त्रास देत असतील, तर सारा दोष रुग्णाच्या व्यसनावर ढकलणे शास्त्राला धरून होणार नाही.

याच काळात सर्व शस्त्रक्रियांसाठी एकच निर्देशांक रचण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले. १९८५ च्या सेनिक निर्देशांकातील चार घटकांपैकी एक ‘पोटाची शस्त्रक्रिया’ हा होता. घशाच्या रुग्णाला तो गुण मिळणे शक्यच नव्हते. १९९१ च्या निर्देशांकात दूषित वा मलिन जखमेला एक गुण होता, परंतु तोंड उघडून केलेली नियोजित शस्त्रक्रिया ‘स्वच्छ-दूषित’ गटात मोडते, त्यामुळे तो गुणही हुकला. कागदावर मध्यम जोखमीचा दिसणारा रुग्ण प्रत्यक्षात सर्वाधिक जोखमीचा असू शकत होता. २०१३ मध्ये आलेल्या अमेरिकन शल्यविशारद महाविद्यालयाच्या संगणकीय जोखीम-गणकातही लाळेच्या फिस्टुलाला स्वतंत्र रकाना नव्हता. जे मोजलेच नाही त्याचे भाकीत होणार तरी कसे?

किरणोपचार झालेला घसा

या इतिहासातील सर्वांत मोठे वळण शस्त्रक्रियेबाहेरून आले. किरणोपचार शस्त्रक्रियेच्या आधी द्यावेत की नंतर, यावर अमेरिकेत १९७३ पासून एक चाचणी चालली आणि ते नंतर देण्याच्या बाजूने तिचा कौल गेला. जखम आधी भरू द्यायची आणि मग किरण द्यायचे, हा क्रम स्थिरावला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांच्या चाचणीने हा क्रम स्वरयंत्रापुरता उलटा केला. आधी रसायनोपचार, मग किरणोपचार दिल्यास ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले आणि आयुर्मानात घट झाली नाही. २००३ मध्ये दोन्ही उपचार एकाच वेळी देण्याचा लाभ सिद्ध झाला. रुग्णांच्या दृष्टीने हे मोठेच वरदान होते. परंतु ज्यांचा रोग या उपचारांनंतरही उरला वा उलटला, त्यांचे स्वरयंत्र आता किरणांनी भाजलेल्या ऊतींतून काढावे लागे. अशा ऊतींत पेशी, रक्तवाहिन्या आणि प्राणवायू या तिन्हींची उणीव असते, ही मांडणी रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या संदर्भात १९८३ मध्येच केली होती. २००३ च्या चाचणीतील ज्या १२९ रुग्णांचे स्वरयंत्र पुढे काढावे लागले, त्यांच्यात फिस्टुलाचे प्रमाण १५ ते ३० टक्के होते. ते एकत्रित उपचार झालेल्या गटात सर्वाधिक आढळले.

पायदारफर आणि बर्कमेयर यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात आधीचे किरणोपचार, आधी पाडलेले श्वासनलिकेचे छिद्र आणि शस्त्रक्रियेनंतर १२.५ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन हे धोक्याचे घटक ठरले. मानेवरील किरणांमुळे थायरॉइड ग्रंथी मंदावते आणि तिच्या कमतरतेचाही फिस्टुलाशी संबंध आहे, हे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आले. रक्ताच्या एका साध्या तपासणीने कळणारा हा घटक दीर्घकाळ कोणाच्या तक्त्यातच नव्हता.

भाजलेल्या ऊतीवर उपाय म्हणजे दुसरीकडची निरोगी ऊती आणून बसविणे. या कल्पनेचा एक धागा महाराष्ट्रात आहे. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एका कारागिराने कपाळावरील कातडी वळवून कावसजी या गाडीवानाचे नाक घडविल्याचा वृत्तांत छापून आला आणि त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडात तशीच शस्त्रक्रिया केली. कातडी मुळापासून न तोडता, रक्तपुरवठ्यासह वळवायची, हे तत्त्व त्यात होते. बकामजियान यांनी १९६५ मध्ये छातीवरील कातडीचा आणि एरियन यांनी १९७९ मध्ये छातीच्या मोठ्या स्नायूसह कातडीचा फ्लॅप घशापर्यंत आणला, तोही याच तत्त्वावर. २०१३ मध्ये ३५९ रुग्णांच्या बहुकेंद्री पाहणीत, किरणोपचारांनंतर स्वरयंत्र काढून घसा नुसता शिवलेल्या रुग्णांत फिस्टुलाचे प्रमाण ३४ टक्के, तर शिवणीवर छातीच्या स्नायूचे आवरण घातलेल्यांत १५ टक्के आढळले.

येथे पूर्वानुमानाच्या शास्त्रात एक चमत्कारिक अडचण उभी राहते. ज्या रुग्णाची जखम भरणार नाही अशी भीती वाटते त्यालाच शल्यविशारद फ्लॅप लावतो. परिणामी काही तक्त्यांत फ्लॅप हाच धोक्याचा घटक म्हणून दिसू लागतो. उलट भीती खरी असून उपाय लागू पडला, तर मूळ धोक्याची नोंदच पुसली जाते. यशस्वी भाकीत आकड्यांत चुकीचे ठरते. जुन्या नोंदींवर शिकविलेल्या संगणकीय प्रणाली अलीकडे या क्षेत्रात येत आहेत. त्यांनाही हीच अडचण भेडसावते, कारण त्या नोंदींत रुग्णाच्या शरीरासोबत शल्यविशारदाचा धसकाही नोंदलेला असतो.

मुंबईतील प्रश्न

फेब्रुवारी १९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने भारतातील कर्करोग-शस्त्रक्रियेचा पाया घातला. तेथे येणाऱ्या रुग्णांचे चित्र मात्र वर उल्लेखिलेल्या बहुतेक अभ्यासांपेक्षा वेगळे आहे. पाश्चात्त्य तक्ते बव्हंशी स्वरयंत्र आणि घसा यांवर आधारलेले आहेत, तर भारतात तंबाखू चघळण्यामुळे गाल आणि हिरड्या यांच्या कर्करोगाचे प्राबल्य आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, परंतु सुपारी-तंबाखूने आक्रसलेली, दोन बोटेही न उघडणारी तोंडे घेऊन रुग्ण येतच राहिले. अशा रुग्णाला धड चावता येत नसल्याने त्याचे वजन निदानाआधीच उतरलेले असते. याच रुग्णालयातील ५०० रुग्णांच्या चाचणीने २०१५ मध्ये दाखविले की, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तेथील लसीका-गाठी आधीच काढल्यास तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात राहतात, एरवी ६७.५ टक्के. जीव वाचविणाऱ्या या निष्कर्षामुळे अधिक रुग्णांच्या मानेवर छेद घेणे क्रमप्राप्त झाले, आणि जखम भरण्याचा प्रश्नही तितक्याच रुग्णांपर्यंत पोहोचला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून दूरची ऊती बसविण्याची सोय नसलेल्या असंख्य रुग्णालयांत आजही एरियन यांचा छातीचा फ्लॅपच उपयोगी पडतो.

युरोपीय पोषण-संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे असे सांगतात की, कुपोषणाचा गंभीर धोका असलेल्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १४ दिवस पोषणोपचार द्यावेत, मग त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी लागली तरी चालेल. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईस आलेला रुग्ण हे चौदा दिवस सहसा रुग्णालयाच्या खाटेवर काढत नाही. तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा एखाद्या नातलगाच्या खोलीत, नाकातून नळी घालून राहतो; सोबतचा भाऊ वा पत्नी ठरलेल्या वेळी त्या नळीतून दूध आणि पेज सोडते; गावाकडची मजुरी बुडत असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी काट्यावर दिसणारे वजन या चौदा दिवसांवर अवलंबून असते, आणि आजवर रचल्या गेलेल्या प्रमुख निर्देशांकांपैकी एकातही त्यांच्यासाठी रकाना नाही.